पुढेमागे हत्ती आला तर

त्या मुलखात गावागावाला आपापला राजा असे, पण राजाला थेट कुणी भेटत नसे. राजा गावाच्या मधोमध बसून दिवसभर विचार करी, विचार करून करून तापे, आणि पंखेवाले त्याला वारा घालत. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, मग ते दूध असो, धान्य असो, की जासुदानं आणलेली खबर असो, आधी वेशीतून आत येई आणि मगच राजापर्यंत पोचे. वेस नीट तर राज्य नीट, असं तिथले लोक म्हणत, आणि म्हणून झालं की वेशीला विसरून जात.

वेशी पितळेच्या असत आणि त्यांना जीव असे. सुभाना नावाचा ओतारी त्या ओती. त्याच्या भट्टीतून तीन बहिणी निघत आणि ज्या गावाची जशी ऐपत तशी त्या गावाला एकेक जाई. थोरलीला दारंच दारं. हत्तीसाठी वेगळं, मोत्यांच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळं, गवयांसाठी वेगळं, आणखी कशाकशासाठी वेगळं. शिवाय 'महाराज, जरा भरभर विचार करा' असं राजाला दामटायची मुभाही फक्त तिलाच. मधलीला त्याहून कमी दारं. तिला फारसं कुणी नेत नसे. ती शेजारी उभी केली की थोरली तितकीशी महाग वाटत नसे, एवढाच तिचा उपयोग. आणि धाकटीला चारच: दुधाचं, धान्याचं, जासुदाचं आणि पाहुण्यांचं.

एका लहान गावाला अशी एक धाकटी होती. कामाला चोख. तिची बिजागरी कधी कुरकुरली नाही की कुणाची गाडी तिच्यात कधी अडकली नाही. भल्या सकाळी भिवरा गवळण चरवी घेऊन सगळ्यांच्या आधी यायची, उंबरठ्याला हात लावून कपाळाला न्यायची आणि विचारायची, "काय गं बाई, झोपलीस का नाही?" धाकटीला हसू यायचं. तेवढ्यावर तिचा दिवस छान जायचा.

पण झालं काय, गावचा कारभारी भानजी शेजारगावी लग्नाला गेला. तिथं थोरली होती. पंगतीत कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या वेशीला दारं किती हो?" भानजीनं सांगितलं. कुणी हसलं नाही. नुसतं "असं होय!" म्हणाले आणि वाढप्या जिलबी घेऊन पुढच्या पानाकडे सरकला. ते 'असं होय' भानजीच्या घशात अडकलं ते अडकलंच.

परत आल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. त्यानं वेशीची दारं मोजली, पुन्हा मोजली, आणि तो मोजतोय हे बघून लोकही मोजू लागले. ज्या गावात आजवर कुणाला दार कमी पडलं नव्हतं, त्या गावात चार टाळकी जमली की दारांचाच विषय निघे. अशा वेळी दलाल यायचाच, तसा वेशी विकणारा झुंबर दलाल आला. जिभेवर खडीसाखर.

"आज तुम्हाला पुरतं, कबूल," झुंबर म्हणाला. "पण पुढेमागे हत्ती आला तर?"

त्या गावात हत्ती कुणी पाहिला नव्हता. आसपास जंगल नव्हतं. हत्तीला घालायला ऊस नव्हता, बांधायला जागाही नव्हती. पण प्रश्न विचारला गेला आणि गावाचं स्वास्थ्य गेलं. घास हातात धरून माणसं म्हणू लागली, "खरंच की, आला तर?" म्हातारे म्हणाले, "दारापर्यंत आलेला हत्ती माघारी गेला तर तोंड कुठं लपवायचं?" बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार! पण हे त्यांना सांगणार कोण? गावानं थोरली आणायचं ठरवलं.

"जुनी आम्ही मोडीत घेऊ," झुंबर म्हणाला.

मोडीत. हा शब्द धाकटीच्या कानावर गेला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. मोडीत फुटकी घागर जाते, चेपलेलं तपेलं जातं. "माझं काय चुकलं?" तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं. गाड्या रोजच्यासारख्या तिच्यातूनच आत गेल्या.

तेव्हापासून तिला चैन पडेना. कुणी पलीकडून नुसतं खाकरलं तरी ती दचके, दुधाच्या वेळी धान्याचं दार उघडून बसे, मग ओशाळून मिटे. त्यातच तिला भिंतीत कुठेतरी खाज सुटल्यासारखं होऊ लागलं. आत काहीतरी होतं आणि ते कुठं होतं ते सापडत नव्हतं.

"अक्का, इथं जरा वाजव ना," ती एकदा भिवराला म्हणाली.

भिवरानं चरवीच्या कडेनं ठोकलं. एका जागी टण्ण वाजलं. हातभर पुढे ठोकलं तर ढप्प. भिवरानं पदर ओला करून तिथला मळ पुसला. खाली पितळ नव्हतं, करडं शिसं होतं, आणि त्याचा आकार सरळसरळ दाराचा होता. पुढे आणखी एक. त्याच्या पलीकडे आणखी. एक तर एवढं उंच की भिवराला मान वर करावी लागली.

"अगं बाई बाई," भिवरा म्हणाली, "तुला तर थोरलीएवढी दारं आहेत!"

सुभाना नव्या वेशीचं माप घ्यायला आला तेव्हा धाकटी तयारच होती. "बाबा, माझ्या अंगात शिसं कुणी ओतलं?"

सुभानानं दोरी गुंडाळायला घेतली. "मीच. तिघींचा साचा एकच आहे, पोरी. वेगवेगळे साचे करायला परवडत नाही. एकाच साच्यात ओतायचं आणि मग मधलीची थोडी बुजवायची, तुझी जास्त बुजवायची."

"का पण?"

"सगळ्यांना सगळं दिलं तर थोरली कोण नेईल? माझी भट्टी थोरलीवर चालते."

धाकटीला असा संताप आला की तिची चारही दारं धाडकन आपटली. मग ती रडकुंडीला आली. "शेगडीभर निखारे लावा, बाबा. शिसं वितळेल. दारं उघडतील. मग मला मोडायचं कारणच उरणार नाही. तुमचीच ना मी?"

सुभानानं मान वर केली नाही. दोरी गुंडाळून झाली तरी तो गुंडाळतच राहिला. शेवटी म्हणाला, "कारभाऱ्याला विचार."

तिनं विचारलं. भानजी आला, त्यानं स्वतः ठोकून पाहिलं, टण्ण आणि ढप्प दोन्ही नीट ऐकलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग पुन्हा पडला. "दारं उघडतील गं," तो म्हणाला, "पण पंगतीत कुणी विचारलं वेस कुठली, तर सांगायचं काय? धाकटीच ना?"

थोरली आली ती बैलांच्या मोठ्या गाड्यावर, गवतात गुंडाळून. गावात शिरायला वाट एकच. धाकटीनं धान्याचं दार सताड उघडून तिला आत घेतलं. थोरली म्हणाली, "ताई म्हणू की काय म्हणू गं तुला?"

"जुळ्या आहोत आपण," धाकटी म्हणाली. "सावकाश ये, डावीकडे खड्डा आहे."

मग धाकटीला उपटून माळावर आडवी केली आणि तिच्या जागी थोरली उभी राहिली. तोरणं लागली. भानजीनं ताकीद दिली की सगळी दारं सदा उघडी हवीत. बंद ठेवली तर दिसणार कशी? हत्तीच्या दाराला रोज झेंडूची माळ चढू लागली आणि लोक येताजाता रस्त्याकडे डोळे लावू लागले.

हत्ती आला नाही. धूळ आली. जिथून कुणी येत नव्हतं त्या सगळ्या दारांतून ती घोंगावत आत शिरली. भिवरा दुधाचं दार शोधता शोधता गवयांच्या दारात शिरली आणि राजापर्यंत पोचेतो दूध नासलं. जासूद तीनदा चुकला. पंख्यांवर धुळीचे थर बसले, राजा तापला, शिंकू लागला, आणि एका महत्त्वाच्या विचाराच्या मध्येच थांबला. सगळं गाव गार पडलं.

"नको असलेली दारं बुजवा!" भानजी ओरडला. "आजच्या आज! पक्की बुजवा!"

"शिसं लागेल," सुभाना म्हणाला, आणि माळाकडे बघू लागला.

माळावर भट्टी पेटली. धाकटीला तिच्यात उभी केली. शिसं पितळेच्या आधी वितळतं. तिच्या अंगावरून करडे ओघळ वाहू लागले आणि एकेक दार मोकळं होत गेलं. मोत्यांचं उघडलं, गवयांचं उघडलं, सगळ्यांत शेवटी हत्तीचं उघडलं. थोडा वेळ ती आगीत तशीच उभी होती, तांबडीलाल, सगळी दारं सताड उघडी. सुभानानं तोंड फिरवलं. मग पितळही वाकलं.

तिच्या शिशानं थोरलीची दारं बुजवली. उरली चार: दुधाचं, धान्याचं, जासुदाचं आणि पाहुण्यांचं.

सकाळी भिवरा चरवी घेऊन आली. उंबरठ्याला हात लावून तिनं कपाळाला नेला आणि सवयीनं बोलून गेली, "काय गं बाई, झोपलीस का नाही?" मग तिला आठवलं, आणि तिचे डोळे भरून आले. आधारासाठी तिनं हत्तीच्या बुजवलेल्या दारावर हात टेकला. शिसं अजून कोमट होतं.