वाटीभर आई

एक होता पाटकरी. राजा नाही हं, राजे रोजचेच; आज पाटकरी. गावच्या वावरांना पाटाचं पाणी वाटून देणारा. त्याचं नाव हैबती आणि त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचं नाव येसू. तिची आई आदल्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पुरात गेली, ती काही परत आली नाही.

मग काय, बाप पाटाची दारं उघडत हिंडायचा आणि येसू डोहाकाठी वाटी राखायची. वाटी तांब्याची, बुडाला बारीक भोक पाडलेली. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू वर चढायचं आणि वाटी बुडायची. बुडली की येसूने ओरडायचं, "पाळी सरली!" मग बाप एकाचं पाणी तोडून दुसऱ्याला द्यायचा. सगळा गाव त्या पोरीच्या हाकेवर चालायचा, बरं का.

एकदा एका शेतकऱ्याने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "येसू, माझी पाळी चाललीय तोवर वाटीखाली जरा बोट धर की. कोण बघतंय?" येसूच्या तोंडाला पाणी सुटलं. पण बापाचा हात फार जड. तिने गूळ परत दिला. भ्यायली होती, दुसरं काही नाही.

मग पाटलांची सून आली, रेशमी परकर घेऊन. पण तोवर गावभर झालं होतं, पोर असावी तर हैबतीच्या येसूसारखी! ते ऐकायला येसूला गुळाहून गोड लागे. तिने परकरही परत केला. आता ती भीत नव्हती, फुशारली होती. असू दे, लहान होती.

पण कौतुक काही वेणी घालत नाही. वाटी बुडेपर्यंत येसू डोहाकडे बघत बसायची. आईची इतकी आठवण यायची, इतकी, की डोळ्यांचं पाणी टपटप डोहात पडायचं.

मग एके दिवशी, दिवस कलताना, डोहातून आसरा वर आली. आसरा म्हणजे पाण्यातली देवता. तिला भ्यायचं नाही, तिचं ऐकायचं. ती म्हणाली, "पोरी, तुझ्या रडण्याने माझा डोह खारट झाला. आई कायमची देणं माझ्या हातात नाही. ही वाटी बुडेपर्यंत देते."

आणि आई आली! ओल्या लुगड्याने मागे बसली आणि येसूचे केस विंचरायला लागली. तीच बोटं, तोच चुलीच्या धुराचा वास.   वाटी मात्र भरत होती. काठ पाण्याला टेकणार, तोच येसूने चटकन खाली बोट धरलं.

बघायला कोणी नव्हतं. बाप दूर, गाव दूर. आईनेही बोट काढ म्हटलं नाही. वेणी अर्धी झाली होती. पाणी पाटलांच्या उसात चाललं होतं. येसूचं सहज खाली लक्ष गेलं. पाटाच्या शेवटाला कोंडाबाईचं कांद्याचं वावर. आता पाळी तिची, आणि दिवस मावळला की पाट बंद. म्हातारी खोरं घेऊन कोरड्या सरीत उभी होती, पाणी येईल त्या वाटेकडे डोळे लावून. हाक नाही, तक्रार नाही, नुसती उभी.

तसं उभं राहणं येसूला चांगलंच ठाऊक होतं.  "आई," ती म्हणाली, "ती वाट बघतेय गं." आणि तिने बोट काढलं.

वाटी बुडाली. "पाळी सरली!" येसू अशी ओरडली की गळा फाटला. मागे वळून बघते तर कोणी नाही. मग ती ढसाढसा रडली. शाबासकी द्यायला कोणी नव्हतं आणि तिला ती नकोच होती.

पाट बंद करून बाप आला. बघतो तर लेकीची वेणी अर्धीच.

"कुणी घातली गं?"

"आईने."

 हैबती चिखलाचे हात धुऊन तिच्या मागे बसला आणि उरलेली वेणी घालायला लागला. वाकडीतिकडी झाली. येसूने ती तीन दिवस सोडली नाही.

कोंडाबाईचे कांदे तरारले. बापलेक सुखाने राहिले. आई पुन्हा आली का? नाही रे बाळांनो, नाही आली. पाणी गेलं वावरात, गोष्ट गेली कानात, आता तुम्ही जा झोपेत.