चेहऱ्यावर ओरखडा नाही

टीव्ही कपाटाएवढे जाड असत, तेव्हाची गोष्ट. दुरुस्तीच्या एका दुकानात टीव्हीत चित्र दाखवणाऱ्या दोन जुन्या पिक्चर ट्यूब राहत, थोरली आणि धाकटी. थोरलीला परगावी पाठवायचं ठरलं. पुठ्ठ्याच्या खोक्याने, म्हणजे खोकोबाने, सगळा कापूस तिच्या काचेच्या तोंडावर थापला, कारण लोक तोंडच बघतात. मागची नाजूक, पोकळ मान उघडीच राहिली. सुतळीने वर गाठ मारली आणि ‘सांभाळून’ अशी लाल चिठ्ठी ऐटीत बसली.

“ताई, मानेला काहीतरी गुंडाळायला सांग ना!” धाकटी म्हणाली.

“गप गं. मोठ्यांना कळतं,” ताई म्हणाली.

पहिल्याच खड्ड्यात मान मोडली. हवा काढून घेतलेल्या पोटात सुस्सकन हवा शिरली आणि ताई संपली.

पार्सल परत आलं. “पण चेहरा बघा, ओरखडासुद्धा नाही!” खोकोबा म्हणाला.

“मी तर वाटभर ओरडत होते,” चिठ्ठी म्हणाली.

“माझी गाठ शेवटपर्यंत सुटली नाही हो,” सुतळीने हुंदका दिला. सगळ्यांनी एकमेकांचं सांत्वन केलं. धाकटीला कुणी विचारलं नाही.

मग तिची पाळी आली. खोकोबा पुन्हा कापूस घेऊन तोंडाकडे वळला.

“तो मानेला गुंडाळा!” धाकटी कडाडली. “मला पालथी ठेवा.”

“अगं, तोंड घासेल! लोक काय म्हणतील?”

“घासू दे. माझी ताई चांगल्या तोंडानेच मेली.”

धाकटी आडवा ओरखडा घेऊन पोहोचली आणि जोडताच लख्ख उजळली. खोकोबा मात्र दारात भेटेल त्याला सांगत होता, “पहिलीचं काम जास्त सफाईदार झालं होतं.”