कोंबडीचं पाऊल

फार वर्षांपूर्वी एका रानात साथ आली आणि आठवडी बाजार बंद पडला. शेती करणाऱ्या जनावरांचा माल शेतातच कुजला. तेव्हा सिंहराजाने मदत जाहीर केली: ज्याचं पाऊल मातीत जेवढं उमटेल, त्यात मावेल तेवढं धान्य त्याला!

वाटपाला कोल्हा कारकून बसला. हत्तीचं एक पाऊल भरता भरता अख्खं पोतं रिकामं झालं. सशाला जेमतेम चिमूटभर मिळालं. मग सात भुकेली पिल्लं घेऊन कोंबडी आली. पाय टेकला की उकरायचं, ही तिची जन्माची सवय. बघता बघता हातभर खड्डा झाला.

"अगं, हे काय?" कोल्हा ओरडला.

"पाऊलच की, साहेब. आमच्यात असंच टाकतात."

सिंहाला हसू आवरेना. "नियम आपलाच आहे. भरा खड्डा!"

त्या धान्यावर पिल्लांबरोबर ससाही पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हत्ती कोंबडीच्या दारात हजर. "ताई, मलाही उकरायला शिकव."

"शिकवते की, दादा," कोंबडी म्हणाली. "आधी चार दिवस उपाशी राहून या. पुढचं आपोआप येतं."