भीतीचा गंडा

"बाबा, भीती जायचा गंडा हाय का तुमच्यापाशी?"

टेकडीवरच्या तकियात राहणाऱ्या फकिरानं मान वर केली. समोर पुंजाराम उभा होता, कपाशीवर फवारणी करणाऱ्या सात जणांच्या टोळीचा म्होरक्या. शेतातून थेट आला होता. सदरा पाठीवर ओला, वास दुरून येत होता. मागे त्याचा साळा, सुदाम.

"कोणासाठी?"

"याच्यासाठी. हातमोजे पाहिजे म्हणते, तोंडाले मास्क पाहिजे म्हणते. नाही तर उद्या पंप उचलत नाही म्हणते. सारी टोळी हासते याले. नवरी म्हणते."

"मागच्या हंगामात कोणी पडलं होतं ना?"

"लिंबाजी. आठ दिवस दवाखान्यात होता. पण तो भित्राच होता, बाबा. जो भेते, त्यालेच औषध चढते. मी बावीस वर्षं मारून राहिलो. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकतो. मले काय झालं?"

"रात्री हात थरथरते भाऊजीचे," सुदाम म्हणाला.

"तू चूप रे!"

फकीर हसला. "गंडा देतो. आधी तेवढा रांजण भर. दुपारपासून वाटसरू कोरडेच जात आहेत."

पुंजाराम कामाला लागला. सदरा काढून त्यानं लांब बाभळीवर टाकला. चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासले. धुतले. हुंगून पाहिले.

पुन्हा घासले.

मग विहिरीचं पाणी शेंदून रांजण काठोकाठ भरला आणि वर झाकण ठेवलं.

"सदरा का काढलास?"

"औषधाचा हाय ना, बाबा. लोक पिते हे पाणी."

"लोक भित्रे आहेत?"

पुंजारामनं बाभळीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं.

मग त्यानं सुदामला विचारलं, "कुठं भेटते रे ते हातमोजे?"

"मालकानं द्याले पाहिजे, भाऊजी. सातही जणांले. कोणी मागतच नाही."

"मालकाले?" पुंजारामचा आवाज एकदम खाली आला. "उद्याच दुसरी टोळी आणन तो. त्याले कोण मागन?"

"म्होरक्या कोण आहे?" फकिरानं विचारलं.

फकिरानं झोळीतून काळा दोरा काढला. सुदामनं हात पुढे केला. फकिरानं तो बाजूला सारला आणि पुंजारामचं मनगट धरलं. त्याला अजून राख लागलेली होती, पाणी निथळत होतं. दोन वेढे, एक गाठ.

"अहो बाबा, मले कायले? मी कुठं भेतो?"

सुदामला हसू आवरेना. मग पुंजारामलाही आवरेना.

फकिरानं रांजणातलं पहिलं पेलाभर पाणी त्याच्या हातात दिलं.

"गाठ ओली आहे. सुकायच्या आत मालकाकडे जा."