इंजिनआजोबांना पंखा हवा

एक होतं खारीचं पिल्लू. एवढंसं अंग, एवढं मोठं शेपूट. म्हणून नाव झुपकी.

झुपकी चढली होडीत. होडीत नारळच नारळ. नारळांत तिला लागली झोप. होडी निघाली, खाडी ओलांडली, अल्याड आली. झुपकी उठून बघते, तर आई पल्याड!

"चिर्र चिर्र! झुपके, ये गं!" आई माडावरून हाका मारते.

"आले, आले!"

होडी परत वळली. आणि खण्ण! खाली होता खडक. होडीच्या मागे इंजिन, इंजिनाच्या खाली पंखा. त्या पंख्याचं पातं तुटलं. डुबुक! गेलं पाण्यात.

होडी धक्क्यापाशीच थांबली. खाडीचं पाणी काही थांबलं नाही. ते ओसरू लागलं. पाणी गेलं की चिखल. चिखलात होडी जात नाही. मग आई उद्या!

झुपकी म्हणाली,
"मावशी, मावशी, चल ना!
होडी चालेना,
आई भेटेना!"

होडीमावशी म्हणाली, "माझी ना नाही गं. मी तयारच आहे. पण इंजिन फिरलं, तर चालेन."
आणि तयारच असलेली मावशी आरामात डुलत बसली.

"बरं हं," झुपकी म्हणाली. निघाली टुणुक टुणुक.

इंजिनआजोबा फार जुने. इतके जुने, की त्यांना सगळं ठाऊक.

"आजोबा, आजोबा, फिरा ना!
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

आजोबा खोकले, खॉक खॉक. "माझी ना नाही गं. पण नवा पंखा मिळाला, तर फिरेन. मोठ्ठा आण. चकचकीत आण. मला शोभेल असा!"

"बरं हं," झुपकी म्हणाली. निघाली टुणुक टुणुक.

धक्क्यावर बगळेकाकांचं पंख्यांचं दुकान. काका फार कामात होते. एका पायावर उभे होते.

"काका, काका, पंखा द्या ना!
नवा पंखा मिळेना,
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

"माझी ना नाही गं. पण पंखा काय असा डोळे मिटून देतात? जुना पंखा सुटला, की घेऊन ये. माप लावीन, तर देईन."
एवढं बोलून काकांनी डोळे मिटले.

"बरं हं," झुपकी म्हणाली. निघाली टुणुक टुणुक.

जुन्या पंखेदादाचं पातं गेलं होतं. ऐट गेली नव्हती.

"दादा, दादा, सूट ना!
जुना पंखा सुटेना,
नवा पंखा मिळेना,
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

"माझी ना नाही गं. पण ही पिन निघाली, तर सुटेन."

"बरं हं." टुणुक टुणुक.

पिनताई काडीएवढी. पण आपल्यावाचून सगळ्यांचं अडतं, हे तिला बरोब्बर कळलेलं.

"ताई, ताई, नीघ ना!
पिन निघेना,
जुना पंखा सुटेना,
नवा पंखा मिळेना,
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

"माझी ना नाही गं. पण मी गंजलेय की नाही? तेल गळलं अंगावर, तर निघेन."

"बरं हं." टुणुक टुणुक.

बाटलीकाकू फळीखाली लोळत होती. पोटभर तेल, आणि काम काही नाही.

"काकू, काकू, तेल दे ना!
तेल गळेना,
पिन निघेना,
जुना पंखा सुटेना,
नवा पंखा मिळेना,
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

"माझी ना नाही गं. पण हे बूच हललं, तर देईन."

"बरं हं." आता लांब जायचं नव्हतं. बूच काकूच्याच तोंडात होतं.

"बूचोबा, बूचोबा, हला ना!
बूच हलेना,
तेल गळेना,
पिन निघेना,
जुना पंखा सुटेना,
नवा पंखा मिळेना,
इंजिन फिरेना,
होडी चालेना,
आई भेटेना!"

"माझी ना नाही गं. पण कुणी काढलं, तर हलेन."

"कोण काढणार?"

"मला काय माहीत? मी बूच!"

"चिर्र चिर्र!" पल्याडून आई. पाणी अजून खाली गेलं.

झुपकी या वेळी "बरं हं" म्हणाली नाही. तिने बुचाला दात लावले. कुरुकुरु! कुरुकुरु!

"अगं, अगं, असं कुणी काढतं का?"

फट्!

बूच हललं, फट्!
तेल गळलं, टप टप!
पिन निघाली, सुर्र!
जुना पंखा सुटला, धप्प!

झुपकीने तो ढकलत नेला. गडगड, गडगड, थेट दुकानात. काकांनी मापाला मागितला होता ना? पण काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. दिला सगळ्यांत मोठा, चकचकीत पंखा!

आजोबा खूश. पंखा बसला. आजोबा जोर लावतात, घुर्र... घुर्र... ढुस्स!

"पंखाच वाईट," आजोबा म्हणाले.

"पंखा चांगलाय हो, तुम्हाला झेपेना," मावशी म्हणाली.

"मला झेपेना? तरुणपणी मी..."

"ऐकलंय ते!"

पुन्हा दुकान. टुणुक टुणुक! "काका, आता डोळे उघडून द्या."

काका खाकरले. त्यांनी दुसरा पायही खाली टेकला. जुना पंखा उचलला, एकेका नव्यावर ठेवून बघितला. भोकाला भोक जुळलं. पात्याएवढं पातं जुळलं. "पात्यांचा पीळ मात्र थोडा कमी. म्हाताऱ्या इंजिनाला हलका जातो," काका हळूच म्हणाले.

"एवढासा? मला?" आजोबा रुसले.

झुपकी म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढे मोठे. तुम्हाला पंखा कशाला मोठा?"

आजोबांना ते अगदी पटलं.

नवा पंखा बसला, टक्!
इंजिन फिरलं, टर्रर्र!
होडी चालली, सळसळ!
आणि आई भेटली!

"मी नेली म्हणून," मावशी म्हणाली.
"मी फिरलो म्हणून," आजोबा म्हणाले.
"मी निघाले म्हणून," पिनताई म्हणाली.
"मी हललो म्हणून," बूचोबा म्हणाले.

झुपकीने काही ऐकलं नाही. ती कधीच माडावर चढली होती. आईच्या शेपटीत गुरगुटून गाढ झोपली होती.

होडी लागली पल्याड,
गोष्ट राहिली अल्याड!