सगुणाचं रक्त

"...मग माझं चुकलं कुठं, बाबा? तुम्हीच सांगा!"

डॉक्टर शलाका मठाच्या ओसरीवर तणतणत होती. दगडूबाबा शांतपणे शेंगा फोडत होते. याच ओसरीवर त्यांनी तिला बाराखडी शिकवली होती, म्हणून तिची तणतण इथं खपून जायची.

"काय झालं ते तं सांग."

"सगुणाच्या हिरामणला हिमोफिलिया आहे. जरा लागलं तरी रक्त थांबत नाही. आत रक्त साचून गुडघे सुजलेत, पोरगा पांगळा होईल. आता नवा उपचार निघालाय. त्याच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यात धड जनुक घालायचं, पुन्हा त्यालाच द्यायच्या. तो तयार आहे, पण आईनं होकार दिल्याशिवाय सही करत नाही. आणि सगुणा काही होकार देत नाही!"

"काहून?"

"अडाणी आहे म्हणून!"

बाबांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

"तू तिले काय सांगितलं होतं?"

"खरं तेच. हा दोष आईकडून मुलाला येतो. तुझ्याकडून आलाय."

"कोणासमोर?"

"...सासू होती. दीर, जावा... सगळेच होते."

आता काय म्हणावं या मुलीला! एवढी शिकली, पण कुणासमोर काय बोलावं याची काडीची अक्कल नाही.

सगुणा त्या दिवसापासून घर सोडून मठातच राहत होती. बाबांनी तिला स्वयंपाकघरातून हाक मारली. मागोमाग पाय ओढत हिरामणही आला.

मठाची एक रीत आहे. ज्याची तक्रार करायची, त्याचा हात हातात धरून करायची. भल्याभल्या भांडकुदळांना इथं घाम फुटलाय.

"धर तिचा हात," बाबा म्हणाले. "अन् बोल आता. अडाणी हाय म्हण. दोष तुह्याकडून आला म्हण."

शलाकानं हात धरला. तो भाकरीच्या पिठानं माखलेला होता.

"सगुणा, तुझ्या..."



"बोल ना, डॉक्टरीणबाई," सगुणा म्हणाली.

शलाकाचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं, सगुणाताई. तुम्ही काही केलेलं नाही. असं कुणी मुद्दाम देतं का लेकराला? उपचार नवा आहे, हमी मी देत नाही. पण हिरामणला नीट चालताना बघायचंय हो मला..."

 सगुणानं हात सोडवून घेतला नाही. मग बाबांकडे वळून तिनं हळूच विचारलं,

"बाबा, माहं रक्त नासकं म्हणतात सारे. पोराच्या अंगातलं माहं रक्त काढून टाकलं, तं पोरगा... माहाच राहीन ना?"

 

हिरामण उसळला. "माय, तू मनापासून हो म्हणशीन तवाच दवाखान्यात जाईन. नाही तं जात नाही म्हणजे जात नाही!"

"जात नाही?" सगुणा कडाडली. "कसा जात नाही तेच पाहते मी!"

मायलेक नाक फुगवून एकमेकांकडे बघत राहिले. आपण होकारच देऊन बसलो हे सगुणाच्या ध्यानात आलं, आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

बाबांना तर हसून हसून ठसका लागला. डोळे पुसत ते शलाकाला म्हणाले,

"रक्त खुशाल दुरुस्त कर, पोरी. पण मायलेकाच्या या हट्टाले हात लावशीन तं याद राख!"