ईडलिंबाची चकाकी

“…मग झुंबरपुरीला सोबत न्यायचंच कशाला, महाराज?”

सोमपुरीने पुन्हा तेच विचारलं. उद्या त्याच्या अंगावर महंतकीची चादर पडणार होती आणि मग तो नदीपलीकडच्या नव्या मठावर कायमचा जाणार होता. रीत अशी, की नव्या महंताने एक गुरुबंधू जन्माचा सोबती म्हणून मागून घ्यायचा. त्याने लालपुरीला मागितलं होतं. गुरू खेमपुरी महाराज काही केल्या हो म्हणत नव्हते, झुंबरपुरीचं नाव पुढे करत होते.

“लालपुरी कसा आहे?” महाराजांनी विचारलं.

“जिवाला जीव देणारा. मी निरूपणाला बसलो की त्याच्या डोळ्यांना धार लागते.”

“आणि झुंबरपुरी?”

“फाटक्या तोंडाचा. परवा भरल्या सभेत म्हणाला, तुला अर्थ कळलेला नाही, नुसता गळा गोड आहे. लालपुरी आणि बाकीची मंडळी आता त्याला माझ्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत.”

ते बोलणं सोमपुरीला अजून सलत होतं. उद्याचा महंत झाला म्हणून काय झालं, लागायचं ते लागतंच.

महाराज उठले. “चल, तुझं झाड दाखव.”

आडाजवळचं ईडलिंब सोमपुरीच्या हाती सोपवलेलं होतं. पानं कशी तेल लावल्यासारखी चकाकत होती. खोडावरून मुंग्यांची ये-जा चालली होती. सोमपुरी मुंग्यांना साखर घालणारा माणूस; ती रांग बघून त्याला धन्य वाटायचं. यंदा फळ मात्र धरलं नव्हतं आणि कोवळे कोंभ मुडपले होते.

“हे कशानं?”

“एक काळी काटेरी अळी पडते, महाराज. दिसायलाच ओंगळ. मारत नाही मी. वेचून कुंपणापलीकडे सोडतो. ही बघा, आजही आहे.”

त्याने ती काडीवर उचलली. अंगावर नारिंगी ठिपके होते. महाराजांनी काडी आपल्याकडे घेतली आणि दुसऱ्या हाताने एक पान तोडून त्याच्यापुढे धरलं.

“चाट.”

“…गोड आहे.”

“ईडलिंबाचं पान गोड असतं होय?”

सोमपुरीने पान पुन्हा चाटून पाहिलं.

महाराजांनी एक कोंभ उलटा केला. खाली माव्याची दाटी होती. मोहरीएवढे हिरवे किडे कोंभात तोंड खुपसून रस ओढत बसले होते. एक मुंगी आपल्या मिशांनी त्यातल्या एकाची पाठ थोपटत होती. त्याने मागून थेंब सोडला, तिने तो पिऊन टाकला. जे थेंब सांडत होते, ते पानांवर चकाकत होते. त्या चकाकीवर भाळून सोमपुरी आजवर स्वतःलाच शाबासकी देत आला होता.

महाराजांनी काडी फांदीला टेकवली. अळी उतरायचा अवकाश, मुंग्या धावल्या. चावून चावून त्यांनी तिला खाली पाडलं.

महाराजांनी खोडाला एक चिंधी गुंडाळली आणि रहाटाचं वंगण तिच्यावर जाड फासलं. वरच्या मुंग्या फडक्याने झटकल्या. खालून चढणाऱ्या मुंग्या वंगणापाशी येऊन अडल्या. मग महाराजांनी मातीतली अळी उचलली आणि पुन्हा त्याच कोंभावर ठेवली.

दोघे बघत राहिले…

अळीने एक मावा धरला. खाल्ला. दुसरा धरला.

“म्हणजे ही… झाडाच्या बाजूची होती?”

“तिला झाडाचं काय पडलंय? तिला भूक आहे.”

सोमपुरीला कुंपणापलीकडे सोडलेल्या अळ्या आठवल्या. मान वर करायची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात ओसरीवरून लालपुरीची हाक आली. “सोमपुरीबुवा, तुमच्या हाताचा गुण बघा. झाड कसं उजळलंय!”

एरवी हे ऐकून सोमपुरी खुलला असता. आज त्याने तिकडे पाहिलंही नाही.

“महाराज,” तो हळूच म्हणाला, “मग उद्या मागू कुणाला?”

महाराज वंगणाचं बोट मातीला पुसत होते.

“मुंग्यांना विचार… त्या ज्याला चावायला धावतील, त्याला ने.”